चौथ्या मजल्यावरचं लांबडं

डॉक्टर : श्श. बोलू नका. परत ऐकतो.

सेझिम : तिसऱ्यांदा ऐकताय, डॉक्टर. काही आहे का? घरघर आहे का अजून?

डॉक्टर : बोलू नका म्हटलं ना.

आपा : अगं, गप बस की सूनबाई. डॉक्टरांनी लांबड्याचं ऐकायचं की तुझं?

डॉक्टर : हं. घ्या, आता तुम्हीच ऐका. हे कानात घाला. इथे, डोक्यापासून वीतभर खाली.

सेझिम : काहीच ऐकू येत नाही.

डॉक्टर : तेच ऐकायचं होतं. पहिल्या दिवशी काय ऐकलं होतंत?

सेझिम : तेलात कांदा टाकल्यासारखं. चरचर, चरचर.

डॉक्टर : आता कांदाही नाही, तेलही नाही. तोंड उघडतो, बघा. गुलाबी आहे. चिकट तारा नाहीत, नाकपुडीत फुगे नाहीत. बरी झाली तुमची मोन्चोक.

सेझिम : म्हणजे पूर्ण बरी?

डॉक्टर : पूर्ण. आठ सुया, चोवीस दिवस. खरं सांगू? मी मुळात कुत्र्यामांजरांचा डॉक्टर. वर्षाला दोन साप येतात माझ्याकडे, तेही मरायला टेकल्यावर. ही चौथी सुईसुद्धा बघेल असं मला वाटलं नव्हतं.

आपा : या अल्ला, सुटले बाई मी! म्हणजे, सुटलं. लांबडं सुटलं.

सेझिम : आपा, तुम्ही रडताय?

आपा : मी कशाला रडू? इथल्या औषधांचा वास डोळ्यांत जातोय.

डॉक्टर : आपा, तुम्ही होतात म्हणून निभावलं. अजगर लहान असला तरी एकाने धरायचा, दुसऱ्याने टोचायचा. तुमच्या सुनेला एकटीला जमलं नसतं.

आपा : धरते नाही तर काय करते? मुलगा डोंगरात, खाणीवर. घरात आम्ही दोघी आणि हे. पहिल्या सुईला डोळे घट्ट मिटून धरलं. चौथ्या सुईला एक डोळा उघडला. आणि माझा फ्रीजर येऊन बघा एकदा! एका बाजूला माझी खिमा भरून वळलेली मांती, दुसऱ्या बाजूला हिच्या औषध भरून गोठवलेल्या सुया, मधे लांबड्याचे उंदीर. सुई वितळवायला मी काखेत धरून बसायचे. शेजारीण विचारते, झूराकान, हात असा का धरलायस? म्हटलं, गळू झालंय.

डॉक्टर : छान केलंत. धुरी बंद आहे ना?

सेझिम : बंद, बंद. पहिल्या आठवड्यात आपांनी अर्चाच्या झाडाची फांदी पेटवून घरभर फिरवली होती, दृष्ट जावी म्हणून. तुम्ही ओरडलात, तेव्हापासून काडीसुद्धा पेटवलेली नाही.

आपा : माणसाची दृष्ट जाते बाई धुराने. या जनावराला दीडच फुप्फुस असतं, ते मला कोण सांगणार?

डॉक्टर : एक गोष्ट मात्र मला कळलेली नाही. कागदावर कारणाची जागा अजून रिकामी आहे. ही सर्दी उगाच होत नाही. गारठा आणि ओल एकदम लागावी लागते. गारठ्याचं समजलं, ऑक्टोबरात घरं तापवायच्या पाइपांत गरम पाणी सोडलेलं नसतं.

सेझिम : आणि त्यात माझ्या नवऱ्याने गॅलरीचं दार उघडं टाकलं. सिगारेट ओढायला जातो आणि विसरतो. मी शाळेतून आले तर दार सताड उघडं, घर गारढोण.

डॉक्टर : हा झाला गारठा. ओल कुठून आली?

सेझिम : पाऊस आला असेल आत.

डॉक्टर : काचेच्या पेटीत? आपा, तुमच्या काही लक्षात आहे?

आपा : माझ्या? मला कशाला विचारता? मी म्हातारी, माझ्या लक्षात काय राहणार? सूनबाई, टॅक्सी बोलाव. माझा नमाज चुकेल.

डॉक्टर : बरं, राहू दे. महिन्याने आणून दाखवा. आणि नेताना उशीच्या खोळीत घालून कोटाच्या आत, अंगाशी धरून न्या.

(दवाखान्याच्या दाराच्या आत समोरासमोर दोन बाकडी. बाहेर बर्फ पडतंय. टॅक्सी यायची आहे.)

सेझिम : आठ मिनिटं दाखवतोय. आपा, मला ना उड्या माराव्याशा वाटतायत! चोवीस दिवस मला जेवण गोड लागलं नाही. ती मान उंच करून, तोंड वासून बसायची ना, तेव्हा वाटायचं, संपलं.

आपा : मला वाटायचं, दुआ मागतंय. आकाशाकडे तोंड करून. आणि मागत असणार माझ्याच विरुद्ध.

सेझिम : तुमच्या विरुद्ध कशाला?

आपा : किती मिनिटं राहिली?

सेझिम : आठच. आत्ताच तर सांगितलं. आपा, डॉक्टर बरी झाली म्हणाले तेव्हापासून तुमचं काहीतरी चाललंय. ताकाला जाऊन भांडं का लपवता?

आपा : ताकाचं नाव काढू नकोस!

सेझिम : का? ताकाने काय केलं?

आपा : तेच तर. हे बघ, मी अल्लाला शब्द दिलाय. म्हटलं, हे लांबडं गेलं तर गोष्ट माझ्याबरोबर कबरीत जाईल, आणि वाचलं तर सुनेला सगळं सांगेन. आता मेलं ते वाचलं!

सेझिम : आपा!

आपा : अगं, वाचलं ते चांगलंच झालं. पाचही नमाजांना मीच मागत होते. पण आता सांगायचं जिवावर आलंय. एर्निसने दार उघडं टाकलं नव्हतं. मी उघडलं होतं.

सेझिम : तुम्ही? तुम्हाला तर वारा सोसत नाही.

आपा : तू शाळेत होतीस, तो बाहेर गेला होता. मी दुपारच्या नमाजाला उठले, बघते तर माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर हे! अर्धं आत, अर्धं बाहेर. आता तूच सांग, घरात असलं जनावर शिरलं तर आपल्यात काय करतात?

सेझिम : डोक्यावर पांढरं ओततात आणि दार उघडून वाट देतात. पण आपा, ते रानातल्या सापाला! ही आपली मोन्चोक!

आपा : उंबरा ओलांडणाऱ्याला मी नाव विचारत बसू? माझ्या आईने असंच केलं, तिच्या आईनेही. मारायचं नाही, हुसकायचं नाही, पांढरं ओतून मानाने निरोप द्यायचा. तेव्हा डोकं कुठलं चालतंय! फ्रीज उघडला, तर दूध संपलेलं. आयरान होतं. तेच ओतलं, वाडगाभर.

सेझिम : फ्रीजमधलं गार ताक. डोक्यावर.

आपा : वाडगा जरा मोठाच होता.

सेझिम : आणि वाट दिलीत ती गॅलरीतून? आपा, आपण चौथ्या मजल्यावर राहतो!

आपा : जिन्याचं दार उघडलं असतं तर शेजारणीकडे गेलं असतं. मग आयुष्यभर ऐकून घ्या तिचं.

सेझिम : गॅलरीतून ती जाणार कुठे होती, उडत?

आपा : तो विचार मी नंतर केला.

सेझिम : किती वेळाने?

आपा : दोन तासांनी. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले, ते एर्निसच्या बुटात जाऊन बसलं. दोघं एकमेकांकडे बघतोय. मग ते हलेनाच. तेव्हा मी सोफ्यावरून उतरले. बुटासकट उचललं, पेटीत ओतलं, कडी लावली. पुसायचं काही सुचलं नाही. आणि घरभर वास सुटला म्हणून दार तसंच उघडं ठेवलं.

सेझिम : म्हणून पेटीशी आंबूस वास येत होता! मी एर्निसला म्हटलं, तुझे मोजे धू आधी!

आपा : मोजे बिचारे स्वच्छ होते.

सेझिम : ती आजारी पडली तेव्हा मी त्याला काय काय बोलले, आपा. तुझ्या सिगारेटीपायी माझं जनावर मरतंय म्हणाले. तो शपथा घेत होता आणि तुम्ही तिथेच चहा ओतत होतात!

आपा : ओतत होते. वाटीबाहेर ओतत होते. तुमचं दोघांचं लक्षच नव्हतं.

सेझिम : महिनाभर फोनवर नुसतं "हं" आणि "बरं". त्याच्याजागी मी असते तर फोनच उचलला नसता.

आपा : आणि निघताना पावाचा घास चावला नाही त्याने. त्याचा बाप कधी असा गेला नाही. घास चावून जायचं, उरलेला पाव आपली वाट बघत राहतो. माझं लेकरू तसंच उपाशी रागाने डोंगरात गेलं, आणि मी तोंडात जीभ असून गप्प बसले. महिनाभर दोन जिवांसाठी मागतेय, एक पेटीतला, एक डोंगरातला. बोल मला काय बोलायचं ते. पण बोल.

सेझिम : ती पेटीतून बाहेर कशी आली?

आपा : मी नाही काढलं गं! कुराणाची शपथ!

सेझिम : तुम्हाला नाही म्हणत. कडी मी लावली नव्हती. सकाळी पाणी बदललं आणि घाईत निघाले. शाळेत गेल्यावर आठवलं. तुम्हाला फोन करणार होते, पण घाबरले. तुम्ही म्हणाला असतात, सुनेने घरात साप मोकळा सोडला.

आपा : म्हणालेच असते. वर शेजारणीलाही सांगितलं असतं.

सेझिम : संध्याकाळी कडी लागलेली दिसली. म्हटलं, चला, लावली होती मी. म्हणजे चूक माझी नाही. आणि दार उघडं दिसल्यावर एर्निस आयताच सापडला.

आपा : दोघींनी मिळून गरिबाच्या गळ्यात मारलं म्हणायचं.

सेझिम : दोघींनी मिळून.

आपा : उद्या येतोय. भोपळ्याची मांती करते, त्याच्या आवडीची. पण जेवायच्या आधी सांगायचं. तू कडीचं सांग, मी आयरानचं सांगते.

सेझिम : ओरडेल?

आपा : बापाच्या वळणावर गेलाय. आधी ओरडेल, मग न्हाणीघरात जाऊन हसेल. नळ सोडतो, म्हणजे आपल्याला ऐकू जाऊ नये. सूनबाई, हा कसला वास येतोय?

सेझिम : कुठे? अगं बाई! आपा, हिने खोळीतच केलंय सगळं.

आपा : परवाचा उंदीर तो! पोट चाललं म्हणजे तब्येत आली, बघ. शाबास गं!

सेझिम : शाबासकी राहू दे, खोळ ओलीचिंब झालीय. ओल आणि गारठा, परत तेच! माझ्याकडे दुसरं फडकंही नाही. टॅक्सी कोपऱ्यावर आली. डॉक्टरांकडे काही मागू का? आपा, काय करताय? रुमाल कशाला सोडताय?

आपा : धर. कोरडा आहे. डोक्याची ऊब आहे त्याला.

सेझिम : हा पांढरा? नको हो. तुम्ही सून म्हणून घरात घेतलंत तेव्हा माझ्या डोक्यावर असाच बांधला होतात.

आपा : बांधला म्हणून तर टिकलीस. घे, पुसून घे तिला आधी.

सेझिम : तुमचं डोकं उघडं पडेल. समोरच्या बाकड्यावरचे लोक बघतायत.

आपा : बघू देत. लोकांच्या सुना आंदणात रजया घेऊन येतात, माझी सून हे घेऊन आली. तेव्हाच लोकांचं काय ते बघून झालंय. सैल बांध, गुदमरेल. हां, अशी. आता दे इकडे, तुझा कोट पातळ आहे.

सेझिम : आपा, पण पुन्हा पांढरं. निघून तर जायची नाही ना?

आपा : नाही जायची. या वेळचं पांढरं कोरडं आहे.