एकाच धोंड्यावरचे दोन बाण

अहो, त्या दिवशी मी अमरावतीच्या राजापेठेत गिरणीवर दळण घ्यायला उभी होते, तेवढ्यात रज्जाकभाईंचा फोन आला. अमरावती ते अकोला ही आम्ही दोन्ही शहरांतल्या हौशी चालणाऱ्यांनी आखलेली पायवाट बरोबर मध्यावर त्यांच्या संत्र्याच्या बागेजवळून जाते.

"ताई, लवकर या. तुमचे लोक अन् अकोल्याचे लोक माह्या बांधावर भांडून राहिले!"

पायवाटेवरून त्या दिवशी पहिल्यांदाच माणसं चालत होती, दोन्ही शहरांतून आदल्या दिवशी निघालेली. वाट दाखवणारे बाण आम्हीच रंगवले होते. रंगवताना अमरावतीकर इकडून निघाले, अकोलेकर तिकडून, आणि जो तो आपल्या चालीच्या दिशेने बाण काढत गेला. शेवटचे दोन बाण एकाच धोंड्यावर, टकरीच्या एडक्यांसारखे समोरासमोर!

मी पोचले तेव्हा अकोल्याच्या गटातले एक सर ओरडत होते, "तुमचा बाण पुसा! उलटा हाये तो."

"उलटा तुमचा!" आमचे अमरावतीकर ओरडले.

"भाऊ," रज्जाकभाई म्हणाले, "दोन्ही बाण बरोबर हायेत. सारी वाट माह्याच घरी येऊन संपते. बायको सकाळपासून चहाच करून राहिली!"

सगळे हसत सुटले. माझे यजमान गेल्यापासून मी पहिल्यांदाच इतकी हसले. धोंड्यावरचा अमरावतीचा बाण त्यांनीच रंगवला होता.

शेवटी ठरलं, पुसायचं काहीच नाही, प्रत्येक बाणाला मागूनही टोक काढायचं, म्हणजे तो दोन्हीकडची वाट दाखवेल. बाकी सगळ्या बाणांना काढून झालं. यजमानांच्या बाणाला मी अजून ब्रश लावलेला नाही.