पहिल्या रांगेतली बाई

शहरदर्शनाच्या पुढच्या बससाठी आम्ही नाट्यगृहांच्या रस्त्यावर रांगेत उभे होतो. माझ्यापुढे दोघी होत्या, नणंद आणि भावजय.

"पाणी पी गं. चेहरा बघ कसा झालाय."

"हे गोदामात कामाला जातात, ताई. मला एवढंच माहीत होतं."

"मलाही. विणकरांची आळी झाली, बंदर झालं, तिथूनच परतायला हवं होतं. विनोदाचा कार्यक्रम तिकिटातच आहे म्हणून मीच ओढून नेलं तुला."

"मी आधी पोटभर हसले. तो विदूषक आपल्या बायकोची नक्कल करत होता, ती जिना उतरते, कुलूप ओढून बघायला परत वर जाते, पुन्हा उतरते, पुन्हा वर. मग कळलं, ही तर मीच."

"त्या रंगवलेल्या तोंडामुळे मीही माझ्या भावाला आवाजावरूनच ओळखलं."

"यांनी मला बघितलं. वाटलं, आता थांबतील. तर माझ्याकडे बोट करून म्हणाले, या पहिल्या रांगेतल्या बाईंना पटलेलं दिसतंय."

"मनावर घेऊ नकोस. तुझी खोड आहेच तशी, आई गेली तेव्हापासूनची. ती आत पडलेली, दाराला बाहेरून कुलूप. आत आई आहे हे विसरून तू कुलूप लावलंस, म्हणून मी बोलले तुला तेव्हा."

"मी सकाळीच कामावर गेले होते, ताई. शेवटी घराबाहेर पडले होते हे. कुलूप यांनीच लावलं."

"तो तर म्हणाला, तू लावलंस."

"मला म्हणाले, दोष तू घे; ताईने तुझ्याशी अबोला धरला तर चालेल, माझ्याशी धरला तर मला सोसणार नाही."

नणंद रांगेतून बाजूला झाली.

"बस आलीय, ताई."

"जाऊ दे ती. त्याचा पुढचा खेळ किती वाजता आहे?"