मोर्शीची पोट्टी उचलल्याच्या संशयाबाबत

मी, पार्बताबाई किसनराव खासबागे, वय ५८ वर्षे, धंदा भाजीविक्री, राहणार मोर्शी, जि. अमरावती. समक्ष विचारल्यावरून खरे तेच सांगते, ते असे की:

मी वरील ठिकाणी पती, मुलगा, सून व दोन नातींसह राहते. घरच्या मळ्यातील मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी अमरावतीच्या बाजारात नेऊन विकते. 'कोणाच्या भानगडीत पडत नाही' असे जबाब लिहिणाऱ्या चौकीच्या साहेबांनी लिहिले होते, ते मी खोडायला लावले. पडते.

आज सकाळी मी टोपली घेऊन मोर्शीहून अमरावतीच्या एसटीत बसले. पुढच्या सीटवर एक अनोळखी इसम, गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, फोनवर बोलत होता. मी चोरून ऐकले नाही, सगळी गाडी ऐकत होती. तो म्हणाला, "मोर्शीतून एक पोट्टी उचलली. बारा वर्साची हाय, पण लय चपळ, हातातून निसटूनच जाते. तिच्या बापाले अजून मालूम नाही. परवा अकोल्याले नेतो. फक्त सोबत एक बाई पायजे, बाईशिवाय काम अडून राह्यलं."

हे ऐकून मी गैरसमजातून ओरडले. कंडक्टर करिश्माताई आल्या व म्हणाल्या, "मावशी, काहून ओरडून राहिल्या?" मी सांगितले. त्यांनी ड्रायव्हरला गाडी थेट चौकीवर घ्यायला लावली. सदर इसम उठू लागला तेव्हा मी त्याच्या पायात टोपली सरकवली व म्हटले, "बस खाली. हाललास तं वांग्यानं हाणीन."

"अवो बाई, मी कोच हाओ!"

"कोच अस नाही तं कोतवाल, चौकीत सांग."

चौकीत त्यांनी नाव चंद्रभान ढोमणे, खो-खोचे प्रशिक्षक, असे सांगितले. काल मोर्शीला अकोल्याच्या स्पर्धेसाठी चौदा वर्षांखालील मुलींची निवड चाचणी झाली. संघात घेतले की हे लोक 'उचलली' म्हणतात. निसटते ती पाठलाग करणाऱ्या मुलींच्या हातातून. मुलीचे नाव रागिणी गोपाल काळमेघ. साहेबांनी तिच्या वडिलांना फोन लावला, तर मुलगी घरी पोळी खात होती. माझा जीव भांड्यात पडला. मग रागही आला. असे बोलायचे तर माणसाने हळू बोलावे.

मी ढोमणे यांना विचारले, "जोरात पळते म्हणून घेतली का?"

ते म्हणाले, "पळणाऱ्या बम हायेत, ढिगानं, मावशी. मी पोट्टी बाद झाल्यावर काय करते ते पाह्यतो. कोणी रडते, कोणी मैत्रिणीवर चिडते. हे पोट्टी धापा टाकत आली अन् पुढच्या पोरीले सांगून राहिली का ते लंबी पोट्टी डावीकडून येते, सांभाळ. अन् त्या पुढच्या पोरीशीच तिची जागेसाठी चुरस होती."

हे मला पटले. मी मात्र त्यांच्या काळ्या चष्म्यावरून निकाल दिला होता.

फोन सुरूच होता. गोपाल काळमेघ यांना निवडीचा आनंद झाला, पण ते पाठवायला तयार नव्हते. संघाच्या मॅडमचा पाय मोडला आहे, दुसरी बाई मिळत नाही, असे ढोमणे यांनी त्यांना सांगितले, तेव्हा बाईमाणूस सोबत नसेल तर आपली मुलगी परगावी जाणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे बरोबरच होते. तेवढ्यात रागिणीने फोन घेतला. "सर, मी येऊन राह्यली ना?" ढोमणे यांनी काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे तोंड मला पाहवले नाही. मी म्हटले, मी जाते.

"तुमाले खो-खो येते?" ढोमणे.

"मले पोट्ट्यायवर ध्यान ठेवता येते."

ढोमणे यांनी दुसऱ्या फोनवरून संघटनेच्या लोकांना विचारले. ते हो म्हणाले. मग गोपाल काळमेघ यांनी विचारले, ही बाई कोण? साहेबांनी सकाळचा सर्व प्रकार सांगितला. ते खूप हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "जे बाई वळख ना पाळख, मह्या पोट्टीसाठी अख्खी एसटी चौकीवर घेऊन आली, तिच्यासंगं मी रागिणीले अकोल्याले धाडतो." मागून रागिणी अशी किंचाळली की साहेबांनी फोन कानापासून दूर धरला. माझे डोळे भरून आले, ते खरे आहे म्हणून लिहायला हरकत नाही.

माझी चंद्रभान ढोमणे यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही. माझा हा जबाब करिश्माताईंसमोर मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात 'गैरसमजातून' हा शब्द साहेबांचा आहे, तो मी राहू दिला. बाकी सर्व माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. पुन्हा असे काही कानावर पडले तर मी पुन्हा गाडी थांबवीन, हेही लिहून घ्यायला लावले आहे.

(सही) पार्बताबाई खासबागे