नट परत आवळले का?

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ मिस्त्रीशी बोलत होते.

"चाक आतून टकटक वाजतं, असं बायको तीन दिवस सांगतेय. मी म्हटलं, तुझेच कान वाजतायत."

"चाकाला काही केलंय का?"

"स्पेसर घातलेत, चाकामागे जाड चकत्या. चाकं जरा बाहेर आली की गाडी रुबाबदार दिसते."

"हौसेला मोल नसतं. कुणी बसवले?"

"मीच. व्हिडिओ बघून."

"शंभरेक किलोमीटर चालवल्यावर चाक काढून चकतीचे आतले नट परत आवळले का?"

"परत कशाला? पान्यावर उभा राहून आवळले होते की."

"उभं राहून काय होतंय, साहेब! चकती जागेवर बसली की नट सैल पडतात. वरून चाक असतं, त्यामुळे ते दिसतही नाहीत."

"म्हणजे चाक निघून येईल?"

"टकटक म्हणताय ना? गाडी आधी आत घ्या."

"गाडी कुठे आणलीय? मी विचारायला चालत आलो. बायको लेकीला घेऊन त्याच गाडीने माहेरी निघालीय. हायवेने."

"मग बघताय काय? फोन लावा! म्हणावं, असशील तिथे बाजूला थांब."

"रिंग जातेय."

"उचलला का?"

"नाही उचलत."

"परत लावा."

"नाही उचलणार, मिस्त्री. चालवताना फोनला हात लावायचा नाही, म्हणून मीच शपथ घातलीय तिला. लेकीची."