हवा सोडायचा स्क्रू

नाही, नाही, आता हात लावू नका त्या नळीला — राहू दे तिथंच टेबलावर, गडगडणार नाही, मी दोन्ही बाजूंना विटा लावल्यात — तुम्ही इकडे या, या लोखंडी कपाटामागे स्टूल आहे, त्याच्यावर बसा. तुमचं काही चुकलं नाही हो ताई. जाळ्यात सापडली, वर पत्ता होता, म्हणून तुम्ही चांगुलपणानं आणलीत, दुसरं कुणी असतं तर परत पाण्यात भिरकावून मोकळं झालं असतं. फक्त मला एवढं सांगा, बसमध्ये कुठं ठेवली होतीत? मांडीवर. दोन तास, मांडीवर. बरं. झालं ते झालं, पाणी प्या. 

ते टोपण बघा. इथूनच बघा, मान जास्त बाहेर काढू नका. मी स्वतः कापून बसवलंय ते, अगदी सपाट होतं. आता कसं दिसतंय? दाढ सुजलेल्या माणसाच्या गालासारखं. म्हणजे आत वायू कोंडलाय. कसा कोंडतो, तर खाली समुद्रात पाण्याचा दाब केवढा, रबराच्या कड्याखालून ते थेंबथेंब आत शिरतं, आत बॅटऱ्या असतात, खारं पाणी आणि बॅटरी यांची गाठ पडली की वायू सुटायला लागतो, आणि तोवर रबर फुगलेलं, फटीत मीठ बसलेलं, बाहेर पडायला वाटच नाही. मग ती नळी राहत नाही ताई. तोफ होते. आणि तुम्ही ती बाळासारखी मांडीवर — जाऊ दे, मी परत परत तेच बोलतोय.

टोपणाजवळ, नळीच्या अंगाला, पितळी ठिपका दिसतोय? तो हवा सोडायचा स्क्रू. समुद्रातून आलेली नळी आधी तो ढिला केल्याशिवाय उघडायची नाही, हा नियम. पण तो मिठानं जाम झालाय, म्हणून मघाशी तुम्ही दारात होतात तेव्हा मी चार थेंब तेल सोडलं. ते मुरायला वीसेक मिनिटं लागतात. मग ही दांडी — ही आम्हा नळवाल्यांची असते, जमिनीखालचा व्हॉल्व्ह वरून फिरवायची — हिच्या टोकाला पेचकस बांधलाय, इथून कपाटामागूनच फिरवायचं. टोपणाचं तोंड भिंतीकडे केलंय, समोर सिमेंटच्या गोण्या आहेत. तेवढं केलंय मी. घाबरू नका. मी घाबरतो तेवढं दोघांना पुरेल.

हो, नळवालाच मी. शास्त्रज्ञ नाही हो, पत्त्यावर नाव बघून तुम्हाला वाटलं असेल. ते अक्षर माझ्या वहिनींचं, नळीवरचा तो मासाही त्यांनीच काढलाय. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. एकदा जेवताना म्हणाल्या, भाऊजी, पाणी आत येणार नाही अशी नळी करता येईल का? मी म्हणालो, वहिनी, जन्मभर पाणी बाहेर जाणार नाही अशा नळ्या केल्या, उलट्या बाजूनं विचार करायचा, एवढंच ना. दादा हसला. वहिनी हसल्या नाहीत, त्यांनी कागद काढला. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या संस्थेचं समुद्राची उष्णता मोजायचं यंत्र एका होडीच्या किमतीचं, म्हणून सगळ्या किनाऱ्याला मिळून एकच, तेही दूर कुठंतरी. आणि इथली मासेमारी करणारी माणसं म्हणतात पाणी बदललं, मासा खोल गेला — ते कुणी मोजायचं? तर आपण. न्हाणीघराच्या नळीत. तांदळाच्या दाण्याएवढा तो मोजणारा तुकडा, भिंतीवरच्या घड्याळातलं यंत्र, आकडे साठवायला फोनमधलं कार्ड, बॅटऱ्या, आणि सगळं मेणात बुडवलेलं. हिरवा रंग दिला म्हणून त्या काकड्या म्हणायच्या. अकरा काकड्या केल्या आम्ही ह्या टेबलावर. पहिली घागरीसारखी भरून आली. दुसरीचं घड्याळ अर्ध्या तासात बंद. तिसरी चार महिने पाण्यात राहिली आणि रोजचा दर तासाचा आकडा घेऊन आली — वहिनी तो आलेख घेऊन खाली आल्या तेव्हा चप्पल एकाच पायात होती. तो बघा, भिंतीवर आहे अजून. मला त्यातलं कळत नाही, पण रेघ वर चढत जाते तेवढं दिसतं.

तुमची ही दहावी. तीन वर्षं पाण्यात होती म्हणजे. दोर तुटून गेली, आम्ही तिची आशा सोडली होती.

मग बंद का केलं? ते — पाचवी परत आली तेव्हा, सगळ्यांच्या मागून आली ती. वहिनींनी घाई केली. सुट्टीचा दिवस होता, सकाळचे दहा वाजले असतील, मी ह्या दारात फोनवर होतो, एका गिऱ्हाइकाची टाकी वाहत होती, ते ओरडत होतं. वहिनींनी स्क्रू ढिला न करताच टोपण फिरवलं. आवाज असा झाला की मला वाटलं भिंत पडली. टोपण थेट तोंडावर. डावा डोळा गेला, जबडा तारेनं शिवला. मी धावलो तेव्हा त्या खाली बसल्या होत्या, आणि मला विचारत होत्या, कार्ड भिजलं का बघा. तेव्हापासून मी साधी सोड्याची बाटलीसुद्धा उघडत नाही. खरं सांगतो. कुकरची शिट्टी झाली की अंगणात जाऊन उभा राहतो, घरचे हसतात. म्हणून म्हणालो, ह्या कपाटामागे बसा.

झाली वीस मिनिटं. कान झाका. खाली वाका, अजून. मी दांडी लावतो — लागली — फिरत नाहीये. थांबा. उलटं जातंय का मी? नाही, बरोबर आहे. फिर ना गं बाई, फिर. घाम डोळ्यात चाललाय, मला दिसत नाही, तुम्ही बघू नका, मीच — हललं. किंचित हललं. ताई, आता श्वास घेऊ नका, म्हणजे घ्या, पण —

ऐकू आलं? फुसफुस. जातोय वायू. घाण वास येतो ना, येऊ दे, येऊ दे, खिडकी उघडी आहे. गाल बघा कसा बसतोय खाली. अरे देवा. या, आता टेबलापाशी या. बघितलंत? एवढंच असतं. अर्ध्या मिनिटाचं काम. हे काय, उघडलंसुद्धा, बघा — बॅटऱ्यांचा चिखल झालाय, पण कार्ड मेणात आहे, धरा, तुमच्यामुळे मिळालं ते, हातात घेऊन बघा, आता काही होत नाही. अर्धं मिनिट. त्या दिवशी मी फोन बाजूला ठेवून अर्धं मिनिट आत आलो असतो, तर त्यांनी विचारलं तेव्हा —

काय म्हणालो मी?

नाही. घाईच केली त्यांनी. म्हणजे — तुम्ही असं बघू नका हो. विचारलं होतं. 'भाऊजी, हवा सोडली ना?' एवढंच. दर वेळी विचारायच्या, ते काम माझं होतं, नियम त्यांचा आणि काम माझं. मी फोनवर होतो. मी मागं न बघताच म्हणालो, हो. स्क्रूला हातही लावला नव्हता. लावणार होतो. फोन झाला की लावणार होतो. खोटं बोलायचं म्हणून नाही बोललो ताई, माणूस म्हणतो ना नुसतं, हो हो, तसं ते तोंडातून गेलं.

दवाखान्यातून आल्या तर त्यांना तो दिवसच आठवेना. डॉक्टर म्हणाले, मार असा बसला की पुसलं जातं. दादानं मला विचारलं, झालं कसं? मी म्हणालो, मी फोनवर होतो, त्यांनी परस्पर उघडली. फोनवर होतो हे खरंच होतं. आणि मग तेच झालं सगळ्यांचं म्हणणं. वहिनींचंही तेच झालं. दर वर्षी नव्या वर्गातल्या मुलींना सांगतात, घाई करू नका गं, माझ्या घाईनं माझा डोळा गेला. माझ्यासमोर सांगतात. एकदा मी त्यांच्या शाळेतच नळ दुरुस्त करत होतो, हातातला पाना खाली ठेवला नाही मी.

नाही सांगितलं. कसं सांगू? पहिल्या दिवशी सांगायचं होतं, दुसऱ्या दिवशी ते अवघड झालं, आता अडीच वर्षं झाली. मला त्या नळीची भीती नाही ताई, म्हणजे आहे, पण खरी ती नाही. वर त्यांचं पाऊल वाजलं की वाटतं, आठवलं. आज आठवलं, आता खाली येतील. जेवताना त्या घास हातात धरून थांबल्या की माझं जेवण संपतं. त्या थांबतात कारण त्या बाजूचं दिसत नाही, ताट शोधतात. मला माहीत आहे ते. तरी.

 हे कुणाला सांगितलं नव्हतं मी, बायकोलाही नाही. तुम्ही परक्या, बसनं आलात, बसनं जाल, म्हणून निघून गेलं तोंडातून. वहिनींना भेटायचं म्हणत होतात ना मघाशी — त्या वर वह्या तपासतात, आज नको, त्यांना त्रास होतो बोलायला. कार्ड राहू द्या इथं, मी देईन वाळवून. खरंच देईन. तुमचं नाव सांगेन. उपकार झाले तुमचे, आता निघा, उशीर होईल. पिशवी ही घ्या. कार्ड ठेवा ना टेबलावर. ताई. बाहेरचं दार डावीकडे आहे.

ताई, तो जिना आहे.