बाबाही इंटरव्ह्यूला बसले

अवो, आमच्या पोरीच्या नर्सरीची गंमत ऐका. पुढं मोठ्या कॉन्व्हेंटात केजीला नंबर लागावा, म्हणून आमच्या यांनी गोंदियातली एक नावाजलेली नर्सरी हेरली होती. कुडव्याहून गाडीवर तिघं गेलो.

मॅडमनी पोरीला चेंडू दाखवला. "बेटा, ये कौनसा कलर है?"

पोरगी चेंडू घ्यायला धावली. हेच घाईनं बोलले, "येलो!"

मग गाईचं चित्र आलं. पुन्हा हेच, "काऊ!"

"सर, आप थोडा बाहर बैठिए."

हे निमूट उठले. तशी पोरगी मॅडमवर भडकली, "बाबानं बराबर सांगतलं ना! मंग त्याले काऊन हाकलून राहिली?"

मॅडमना हसू आवरेना. म्हणाल्या, "इसको सोमवार से भेज दो. लेकिन पापा सिर्फ गेट तक!"