देवाच्या तळ्यात ओतलेली गोणी

मंडळी, आधी एक सवाल. पाप कशानं घडतं? हातानं? — घडतं! जिभेनं? — घडतं! पण हात मांडीवर ठेवलेले, जीभ टाळूला लावलेली, समोर देव, असं नुसतं बसल्या बसल्या पाप घडतं का हो? घाईनं माना हलवू नका! बसून पाप लागतं म्हटलं तर अर्धा मंडप आत्ताच रिकामा होईल!

तर ऐका.

कोकणात वेळणवाडी नावाचं गाव. गावात लक्ष्मीकेशवाचं देऊळ, देवळाच्या पायऱ्या उतरलं की तळी. तळीत देवाचे मासे. त्यांना कुणी गळ लावत नाही, पोरंटोरं चुरमुरे टाकतात. आणि काठाच्या उथळ पाण्यात उभं — अळू! पाण्यात पाय बुडवून, पानं पसरून, ऐटीत! कार्तिकातल्या उत्सवाला सगळा गाव जेवतो, आणि त्या पंगतीचं फदफदं याच अळवाचं. बाजारचं नाही!

हे अळू सांभाळायची शेवंती गुरवीण. नवरा गेलेला, देवळाची झाडलोट, फुलं, दिवाबत्ती सगळं तिच्याकडे. ती अळवाला खत घालायची ते कसं? कुजलेलं शेणखत चिखलात कालवायचं, त्याचा गोळा वळायचा, पाण्यात उतरायचं आणि गोळा मुळाशी हातानं खोल दाबायचा. वरनं फेकायचं नाही! अहो, पाहुणा जेवायला बसला तर त्याच्या पानात वाढता की त्याच्या डोक्यावर ओतता?

पण उत्सव समितीचे अध्यक्ष अप्पा खांबेटे! त्यांनी यंदा मुंबईचे बडे पाहुणे बोलावले होते. अप्पा म्हणाले, "पानं कशी हवीत? हत्तीच्या कानाएवढी! पाहुण्यांनी फोटो काढले पाहिजेत." शेवंती म्हणाली, "अप्पा, जेवढं मुळाला पचतं तेवढंच घालते मी." अप्पा हसले. "मूठमूठ शेण घालून कधी काय मोठं झालंय का गं?"

मंडळी, अळू खाजतं, त्याला चिंच घातली की ते शांत होतं. पण माणसाला मोठेपणाची खाज सुटली, तर तिच्यासाठी चिंच कुठल्या झाडावरची आणायची?

दुपारची वेळ. गाव जेवून आडवा झालेला. अप्पांच्या बायकोनं, मालूकाकूंनी, देवाला वाहायची जास्वंद सकाळी राहून गेली म्हणून ती घेऊन देऊळ गाठलं. पायऱ्यांवर आल्या आणि थबकल्या. खाली तळीच्या काठाला अप्पा! धोतर खोचलेलं, शेजारी युरियाची गोणी — आणि ती गोणी उचलून सरळ पाण्यात पालथी! पांढरं पांढरं खत भसाभस!

"अहो! हे काय करताय? मासे आहेत ना आत!"

"माशांना काय होतंय? खत आहे ते, विष नाही. आणि हे बघ, कुणाला बोलू नकोस. पानं वाढली की मीच सांगेन सगळ्यांना."

काकू बोलल्या नाहीत. संसार झाला होता त्यांचा 'बोलू नकोस' ऐकण्यात. फूल वाहिलं, घरी आल्या.

आणि पानं वाढली हो! काळीभोर झाली, सुपाएवढी झाली! गाव बघायला आला. अप्पा मिशीतल्या मिशीत हसले, आणि उत्साहाच्या भरात आणखी एक गोणी ओतली! मग काय झालं? अळवानं घेतलं तेवढं घेतलं, उरलं ते कुणी खाल्लं? शेवाळानं! तळीवर हिरवी साय आली. पाणी गुदमरलं. पानांच्या कडा करपल्या, देठ मुळाशी पिचले, आणि एका सकाळी देवाचे मासे पोट वर करून तरंगायला लागले. त्या वासानं गाभाऱ्यात उभं राहवेना!

सभा भरली. देवळातच. सगळे मांडी घालून बसले. आता सभेत पहिला प्रश्न काय असायला हवा? पाण्यात काय गेलं? — नाही! पहिला प्रश्न निघाला, "कुणी केलं?" आणि एक आवाज आला. कुणाचा ते विचारू नका, असे आवाज मागच्या रांगेतूनच येतात! "गुरवीण साबणानं कपडे धुते तळीवर."

झालं! एकानं म्हणायचा अवकाश, दुसऱ्याला आठवलं, तिसऱ्यानं तर डोळ्यांनी पाहिलं! शेवंती खांबाशी उभी राहून ओरडून सांगतेय, "मी साबण नेलाच नाही हो! विहिरीवर धुते मी!" ऐकतो कोण?

आणि अप्पा? अप्पांनी आरोप केला का? छे! अप्पा भले गृहस्थ! ते एवढंच म्हणाले, "गावाची भावना लक्षात घ्यायला हवी." अळवाच्या पानावर पाणी टाका, थेंब राहत नाही, घरंगळतो. तसे काही लोक असतात. सगळं घरंगळतं त्यांच्यावरून, आणि खाली उभ्या असलेल्या गरिबाच्या अंगावर पडतं!

शेवंतीची सेवा काढली. दिवाबत्ती बंद, देवळाची पायरी बंद. बायकांच्या बाजूला मालूकाकू बसल्या होत्या. हात मांडीवर. जीभ टाळूला!

संध्याकाळी शेवंती काकूंच्याच दारात आली. दुसरं दार नव्हतं तिला. "काकू, तुम्ही रोज देवळात येता. तुम्ही तरी सांगा ना, मला साबण नेताना पाहिलंत का कधी?"

काकूंच्या ओठावर आलं. आत झोपाळ्याची कडी वाजली. अप्पा बसले होते. काकूंनी ओठावरचं गिळलं. तिच्या पदरात तांदूळ घातले आणि म्हणाल्या, "शेवंते, देव बघतोय हो."

देव बघतोय! किती सोयीचं वाक्य! अगं बाई, तू बघितलंस त्याचं काय? देवानं तुला डोळे कशाला दिले? सगळं त्यानंच बघायचं, तर तुला नुसतं जास्वंद वाहायला ठेवलंय का?

मी रागावत नाही, मंडळी. काकूच स्वतःवर रागावल्या. त्या रात्री अप्पांना म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलंत तर तुमचंच नाव राहील." अप्पा म्हणाले, "उत्सव होऊ दे. मग बघू. गुरविणीला आपण दोन लुगडी देऊ." काकूंना त्या लुगड्यांची शिसारी आली. देवापुढे बसल्या तर डोळे मिटवेनात, कारण मिटले की शेवंतीचा पसरलेला पदर दिसायचा.

उत्सव आला. पाहुणे आले. देवळातच पंगत बसली. फदफदं होतंच! अळू रत्नागिरीच्या बाजारातून आणलेलं. डाळ, दाणे, खोबऱ्याचे काप, सगळं यथासांग. वाढायला मालूकाकू. एका हातात बादली, एका हातात डाव. वाढत वाढत आल्या अप्पांच्या पानासमोर, आणि थांबल्या.

"मालू, वाढ. पाहुणे खोळंबलेत."

काकूंनी बादली खाली ठेवली. आवाज शेवटच्या पानापर्यंत गेला.

"हे अळू बाजारातलं आहे. देवाच्या तळीतलं कुजलं. का कुजलं ते मला ठाऊक आहे. खताच्या गोण्या यांनी ओतल्या. पहिली ओतताना मी पायरीवर उभी होते. शेवंतीनं काही केलेलं नाही. आणि सभा भरली तेव्हा मी इथंच बसले होते, आणि गप्प बसले. मासे यांनी मारले. शेवंतीला मी मारलं."

पानापानावर हात थांबले! मुंबईचे पाहुणे भातातल्या तुपाकडे बघत राहिले.

"तुला भान आहे का?" अप्पा दातओठ खाऊन म्हणाले. "घरी चल."

"वाढून झालं की येते," काकू म्हणाल्या. बादली उचलली. अप्पांच्या पानात अळू वाढलं, सगळ्यांना वाढलं तसंच, डावभर. आणि पुढच्या पानाकडे गेल्या.

अप्पांना उठवेना, गिळवेना!

दुसऱ्या दिवशी समिती शेवंतीच्या दारात. काय म्हणाली समिती? "झालं गेलं गंगेला मिळालं." वा! पाप वेळणवाडीचं आणि धुवायला गंगा! तिनं काय घोडं मारलंय तुमचं? शेवंतीनं ऐकून घेतलं. म्हणाली, "सेवा माझ्या सासऱ्यांपासूनची आहे, ती मी करीन. पण ज्या सभेत माझं नाव घेतलंत, त्याच सभेत ते पुसा. सगळ्यांनी बसा. मागच्या रांगेनंसुद्धा."

सभा बसली. माफी मागितली गेली. अप्पा आले नाहीत. त्यांनी गाळ काढायला गडी पाठवले, स्वतः फिरकले नाहीत. घरात काकूंशी शिमग्यापर्यंत बोलले नाहीत. जेवणाचं ताटसुद्धा मोलकरणीकडून मागवायचे. सोपं नसतं हो खरं बोलणं! खरं बोललं की फुलं पडतात, असं सांगणारा बुवा मी नव्हे.

आणि शेवंतीनं काकूंना क्षमा केली का? काकू लुगडं खोचून तळीत उतरल्या होत्या, तिच्या बरोबरीनं कुजलेले गड्डे उपसत होत्या. म्हणाल्या, "शेवंते, मनात ठेवू नकोस गं." शेवंती गड्डा धुता धुता म्हणाली, "ठेवणार काकू. तुम्ही बोललात, हेही ठेवणार. उशिरा बोललात, तेही ठेवणार. धरा हे टोपलं."

काकूंनी टोपलं धरलं.

बघा, गोणी ओतणारा एक होता. एक! पण सभेत किती जण होते? शेवंती विहिरीवर कपडे धुते, हे रोज विहिरीवर जाणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत नव्हतं? माहीत होतं! मग बोलल्या का नाहीत? कारण अप्पा मोठे, आणि शेवंती गुरवीण! मालूकाकूंनी निदान बादली खाली ठेवली. बाकीच्यांनी? बाकीच्यांनी माफी मागितली आणि प्रसादाचा लाडू खाल्ला!

आता तुमच्याकडे येतो. तुमच्या गावात, तुमच्या आळीत, तुमच्या घरात कुणाचं तरी नाव असंच घेतलं गेलंय. कुठली सून, कुठला गडी, कुठली कामवाली. आणि खरं काय ते तुम्हाला माहीत आहे. मान खाली घालू नका, मला इथून दिसतंय. "देव बघतोय" म्हणून त्याच्यावर ढकलू नका, तो दमलाय तुमचं बघून बघून!

आरती थांबेल. कापूर कुठे पळून जात नाही. टाळ खाली ठेवा. ज्याला माहीत आहे, त्यानं उठावं आणि बोलावं. मी उभा आहे.